वीणाचं गुलाबी मीठ

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक गॅरेज दिसतं. गाव मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना. सकाळचे साडेसात. दोन गाड्यांच्या जागेत एकच गाडी उभी आहे. उरलेल्या अर्ध्या भागात एका बाजूला जुना फ्रिज, दुसऱ्या बाजूला मांडणीवर तांदळाची पोती, तूरडाळ, साबुदाणा, कपड्यांचा साबण, आणि मधोमध एक घडीचं टेबल. टेबलावर वजनकाटा. त्याच्यापुढे चाळिशीतली एक ठेंगणी बाई, केस वर गुंडाळलेले, हातात निळे रबरी मोजे. एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत लाल-पांढऱ्या थरांचा मांसाचा मोठा तुकडा आहे. पाळण्यातलं मूल कुशीवर वळवावं तसा ती तो अलगद उलटा करते. मग घरात उघडणाऱ्या दाराकडे बघते. कान देते. पिशवी फ्रिजमध्ये पालकाच्या जुड्यांमागे सरकवते, मोजे काढते आणि हात कोपरापर्यंत तीनदा धुते.

ही वीणा. माझ्या लेकीची शेजारीण. माहेर नागपूरचं, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा पगार तिला मिळतो. मी एक्केचाळीस वर्षं रंगभूमीवर काढली, बहुतेक आत्या, शेजारणी आणि तिसऱ्या अंकात मरणाऱ्या सासवा करत. चेहऱ्यावरची भीती मला लांबून कळते. वीणाच्या चेहऱ्यावर मी ती इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात पाहिली, पण कशाची ते कळायला एक ओढणी कारणीभूत झाली.

सप्टेंबरातली गोष्ट. ती मला देवळात सोडायला आली होती. गाडीत बसले आणि म्हटलं, "वीणा, तुझ्या ओढणीला धुराचा वास येतोय. होमाला गेली होतीस का?"

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंडिकेटर चालू ठेवला. "मावशी, तुम्हाला एक सांगू? कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही."

माझ्या मनात नाही नाही ते आलं. सिगारेट, दुसरा पुरुष, आजारपण.

"मी बेकन करते," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही.

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाचं मांस. मीठ-साखर चोळून आठवडाभर मुरवायचं, मग लाकडाच्या मंद धुरावर ठेवायचं आणि पातळ पट्ट्या काढून तव्यावर परतायचं. या देशाला त्याचं किती वेड आहे हे इथे येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. इथे बेकन घातलेलं आइस्क्रीम मिळतं, बेकनच्या वासाची मेणबत्ती मिळते, बेकनचं चित्र असलेले पायमोजे मिळतात. जखमेवर लावायची पट्टीसुद्धा बेकनसारखी रंगवलेली मी दुकानात पाहिली. वीणाच्या ऑफिसात महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बेकनचा नाश्ता असतो. एरवी एकमेकांना फक्त ईमेल पाठवणारी माणसं त्या दिवशी ताटली घेऊन रांगेत हसतात, चेष्टा करतात, दुसऱ्यांदा रांगेत उभी राहतात. हे मला समजतं. आवडत्या पदाला तिसरा वन्समोअर मागणारे प्रेक्षक मी पाहिले आहेत. ती भूक पोटाची नसतेच.

वीणाला ती कशी लागली, हेही तिने त्याच गाडीत सांगितलं. शिकायला आली तेव्हाचा पहिला हिवाळा. बर्फामुळे बस बंद पडली, म्हणून ती समोरच्या खाणावळीत शिरली आणि फक्त टोस्ट मागितला. वाढणाऱ्या म्हातारीने तिचे भिजलेले बूट पाहिले आणि न मागता बशीत दोन पट्ट्या ठेवल्या. "खा गं पोरी, असं काहीतरी म्हणाली. मावशी, चार महिन्यांत मला कुणी खा म्हटलं नव्हतं."

"मग यात लपवायचं काय? तुमच्याकडे माहेरी चालतंच की."

"सासरी नाही ना!"

लग्नाच्या वेळी तिच्या सासूने, वाईच्या सुवर्णाताईंनी, एकच अट घातली होती. जात विचारली नाही, मानपान मागितला नाही. "तुमच्या घरात मांस शिजता कामा नये, एवढा शब्द दे." वीणाने दिला. आणि बारा वर्षं, तिच्या मते, पाळला.

"गॅरेज म्हणजे घर थोडंच, मावशी? तिथे हीटिंगसुद्धा नाही!"

सुवर्णाताई गुडघ्यांच्या दोन ऑपरेशनांमुळे आठ वर्षं आल्या नव्हत्या. या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी आल्या. नवऱ्याने, सत्यजितने, वीणाला हात जोडून सांगितलं होतं, आई आहे तोपर्यंत बंद ठेव. तिने ठेवलंही, पाच आठवडे. पण ऑक्टोबरात जवळच्या मैदानावर बेकनची स्पर्धा असते. दोन वर्षांपूर्वी वीणाला तिथे तिसरं बक्षीस मिळालं होतं. तीन पिढ्या डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या मधोमध ही नागपूरची बाई, गूळ आणि गोडा मसाला चोळलेलं बेकन घेऊन. यंदाचा गोडा मसाला सुवर्णाताईंनी स्वतः कुटून वाईहून आणलेला होता. हे सांगताना मात्र वीणाला हसू आवरलं नाही, आणि लगेच ती इतकी घाबरली की तिने मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर फक्त माझी काठी होती.

आता माझा गुन्हा सांगते. एकदा तिने मला गॅरेज दाखवलं. मांस मुरवायचं एक खास मीठ असतं, त्याचं पाकीट मांडणीवर होतं. त्यावर हसऱ्या डुकराचं भलंमोठं चित्र आणि खाली लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर. माझा चष्मा घरी होता. मजकूर काय असेल असा प्रश्नही मला पडला नाही. मी म्हटलं, "आधी हे चित्र नाहीसं कर. प्रेक्षकाला नको असलेली वस्तू स्टेजवर ठेवू नये."

तिने ते नाहीसं केलं.

त्यानंतरच्या एका गुरुवारी एकादशी होती. सुवर्णाताईंनी मला जेवायला बोलावलं होतं. मी उपवास करत नाही, पण त्यांच्या हातची साबुदाण्याची खिचडी चुकवत नाही. त्या मोत्यासारखा दाणा सुटा ठेवतात. साडेअकराला लेकीने मला दारात सोडलं. वीणाची मुलगी सावनी शाळेत, सत्यजित ऑफिसात, वीणा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. खाली आम्ही दोघी.

"रेखाताई, तुमचं बिनमिठाचं आधीच बाजूला काढलंय हं," त्या म्हणाल्या. "तुमचं ब्लडप्रेशर पुन्हा वाढलं तर तुमची लेक मला भारतात परत पाठवेल."

"आणि मग मला खिचडी कोण देईल? द्या, अळणी तर अळणी."

"काय झालं माहितेय, ऐनवेळी सैंधव संपलं. आणि उपवासाला साधं मीठ मी घालत नाही. वर गेले तर वीणा नुसतीच हात हलवते, आई, म्यूट, म्यूट! म्हटलं हिचं गॅरेज म्हणजे किराणा दुकान, तिथे असेल. आणि होतंच! तांदळाच्या मागे, मोरांब्याच्या बरणीत. रंग बघा काय सुरेख आहे, गुलाबी गुलाबी."

ओट्यावर बरणी होती. मी पाहिली. बारीक, फिकट गुलाबी मीठ.

"नाव होतं का वर?" मी सहज विचारलं.

"आपण कधी बरणीवर नावं घालतो का हो? आमची सून इंजिनिअर असली तरी दह्याच्या डब्यात मोहरी आणि मोहरीच्या डब्यात वेलची. बघितलं की कळतं."

आणि हे खरंच होतं. माझ्या घरी, माझ्या आईच्या घरी, तिच्या आईच्या घरी कुणी बरणीवर नाव लिहिलं नाही. बघितलं की कळतं.

त्यांनी खिचडी दोनदा घेतली. काकडीची कोशिंबीर घेतली, तिच्यावरही चिमूट भुरभुरली. त्या एकतीस वर्षं भूगोल शिकवत होत्या, त्यामुळे जेवताना मला नॉर्थ कॅरोलायनाची माती लाल का, हे समजावून सांगत होत्या. सांगता सांगता थांबल्या.

"डोकं जड झालंय जरा."

"उपाशी होतात सकाळपासून."

"असेल." त्या सोफ्यावर जाऊन बसल्या. मी ताटं उचलली. परत आले तर त्यांनी डोळे मिटले होते आणि श्वास वरच्यावर चालला होता, जिना चढून आल्यासारखा.

मी जवळ गेले. खिडकीतून भर दुपारचं ऊन येत होतं.

नाटकात विषाचा प्रसंग असला की आम्ही ओठांना राखाडी-निळा रंग लावायचो. अगदी थोडा, बोटाच्या टोकाने, आणि मग नखांवर. तेवढ्याने शेवटच्या रांगेतली बाईसुद्धा पदर तोंडाला लावायची. मी स्वतः तो रंग कित्येकदा लावून घेतला आहे. सुवर्णाताईंच्या ओठांवर तो रंग होता. मी त्यांचा हात उचलला. नखांवरही होता. क्षणभर मी मूर्खासारखं अंगठ्याने ते नख पुसून पाहिलं.

"वीणा!" मी ओरडले. माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

ती जिन्यावरून धावत आली, कानावर हेडफोन तसाच. आधी तिने सासूकडे पाहिलं. मग तिची नजर ओट्यावर गेली, बरणीवर, आणि तिथेच थांबली.

"आई, हे कशात घातलंत?"

"खिचडीत... कोशिंबिरीत. का गं? तुझं वेगळं ठेवलेलं होतं का?"

वीणा माझ्याकडे बघत राहिली. संवाद विसरलेल्या नटाचा चेहरा मी पाहिलेला आहे. पण इथे ती विसरली नव्हती. तिला शब्द न् शब्द आठवत होता, आणि ते मोठ्याने म्हणायचे होते, या खोलीत, या बाईसमोर. एक श्वास ती गप्प राहिली. फक्त एक. तो मी पाहिला, आणि त्याबद्दल मी तिला कधी दोष दिला नाही. मग तिने फोन लावला.

ती इंग्रजीत बोलत होती, भराभर. पत्ता, वय, ओठांचा रंग. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि तिचा आवाज बारीक झाला. पलीकडच्या बाईने पुन्हा विचारलं असावं, कारण वीणाने डोळे मिटले आणि स्पष्ट सांगितलं, क्युअरिंग सॉल्ट. बेकनसाठी. हो, घरी करते. हो, मीच.

सोफ्यावर सुवर्णाताईंनी डोळे उघडले. एकतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला एवढं इंग्रजी कळतं.

"बेकन म्हणजे डुकराचं ना?"

"आई, बोलू नका. अॅम्ब्युलन्स येतेय."

"डुकराचं ना?"

"हो आई. ते मांस मुरवायचं मीठ आहे. विषारी असतं. चुकून कुणी खाऊ नये म्हणून त्याला मुद्दाम गुलाबी रंग देतात." ती गुडघ्यांवर खाली बसली होती. "पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी ते फेकलं. तुम्हाला दिसू नये म्हणून बरणीत ओतलं आणि पाकीट फेकलं."

पाकीट उचलून कुठेतरी आत ठेव, एवढंच माझ्या मनात होतं. पण मी म्हणाले होते नाहीसं कर. तेवढंच म्हणाले होते.

सुवर्णाताईंनी तिचं मनगट धरलं. बोटं निळी पडलेली, पण पकड शिक्षिकेची. "वीणा, खरं सांग. माझ्या पोटात डुक्कर गेलं का?"

"नाही आई. नुसतं मीठ. नवं पाकीट होतं, मांसाला लागलेलं नव्हतं."

"शपथ घे."

"तुमची शपथ."

"माझी नको. माझं काय खरं आहे आता?"

"सावनीची शपथ, आई."

त्यांनी मान हलवली आणि मनगट सोडलं. मला वाटलं, ही बाई आता जाते. पोटात काय आहे याची खात्री करून घेतली, आता जाते. मी स्टेजवर दहा-बारा वेळा मेले असेन. मागे पेटी असायची, प्रकाश हळूहळू मंद व्हायचा. इथे भगभगीत ऊन होतं आणि स्वयंपाकघरात भांड्यांचं मशीन घुरघुरत होतं.

अॅम्ब्युलन्स आली. दोन माणसं, त्यातला एक दरवाजाएवढा थोराड. त्याने सुवर्णाताईंच्या नाकावर मास्क बसवला आणि विचारलं, पाकीट कुठे आहे? पाकीट नव्हतं. वीणाने फोनवर त्या मिठाची ऑर्डर शोधली आणि पुढे धरली. तेच हसरं डुक्कर. सुवर्णाताईंनी मास्कच्या वरून ते पाहिलं.

थोराड माणसाने मजकूर वाचला, पुढे कुणाला तरी कळवलं, बरणी पिशवीत घातली. त्याचे हात थांबत नव्हते. पण स्ट्रेचर उचलताना त्याची नजर वीणाकडे वळली. तुम्ही स्वतः घरी करता? धूर कसल्या लाकडाचा, हिकरीच्या? वीणा म्हणाली, सफरचंदाच्या लाकडाचा. त्याने आदराने मान हलवली. आमचे आजोबा करायचे, म्हणाला. असलं वेड आहे या लोकांचं! त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नंतर वाटलं, बिचाऱ्याने तेवढ्यात तिला माणसांत आणलं. तोवर ती स्वतःला खुनी समजत होती.

हॉस्पिटलात त्यांनी सुवर्णाताईंचं रक्त काढलं. नळीत ते लाल नव्हतंच, कोकमाच्या आगळासारखं काळपट होतं. डॉक्टरीण तरुण होती, थंड डोक्याची. लवकर आणलंत आणि काय खाल्लं ते नेमकं सांगितलंत, म्हणाली, त्यामुळे शोधण्यात वेळ गेला नाही. औषध शिरेतून सुरू केलं. पण वय आहे, पुढचे दोन तास बघावं लागेल.

ते दोन तास वीणा भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची रिकामी होती, बसली नाही. तिच्या ओठांवर काहीतरी चालू होतं. मी जवळ जाऊन ऐकलं. रामरक्षा म्हणत होती. सुवर्णाताईंनी नातीला शिकवताना हिने ती आडून ऐकलेली, अर्धीच येत होती, म्हणून तेच चार श्लोक पुन्हा पुन्हा.

सत्यजित आला तो धावतच. सगळं ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला. "तुला सांगितलं होतं ना, आई असेपर्यंत बंद ठेव! काय अडलं होतं तुझं? एका नाश्त्यापायी माझी आई..."

"सत्यजित," मी म्हटलं, "पाकीट नाहीसं करायला मी सांगितलं. ओरडायचं तर माझ्यावर ओरड. आणि बारा वर्षं तूही खातोस ना? शेवटची पट्टी कोण घेतं, ते मला सांगितलंय हिने."

तो मटकन खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. वीणाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

सव्वातीनला नर्सने आत बोलावलं. मी आधी ओठ पाहिले. निळसरपणा पुरता गेला नव्हता, पण खालून गुलाबी वर येत होता. सुवर्णाताईंनी डोळे उघडले, वीणाला शोधलं आणि मास्क हाताने बाजूला केला.

"बारा वर्षं?"

"हो आई."

"सत्याला माहीत होतं?"

"हो."

"रेखाताईंना?"

मी छताकडे पाहिलं.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना." त्यांनी दम घेतला. "शब्द दिला होतास."

"घरात नाही शिजवलं आई, गॅरेजमध्ये..." वीणा मध्येच थांबली. ते वाक्य मोठ्याने कसं वाटतं, हे तिला पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. "दिला होता," ती म्हणाली. "मोडला."

सुवर्णाताईंनी डोळे मिटले. नर्सने मास्क परत नाकावर बसवला. त्या रागावल्या होत्या, दुखावल्या होत्या की फक्त दमल्या होत्या, मला कळेना. इतकी वर्षं मी चेहरे वाचले, तो वाचता आला नाही. वीणा पलंगाची कड धरून उभी होती. डॉक्टरांनी धोका टळत आल्याचं सांगितलं होतं, तरी तिच्या चेहऱ्यावरची भीती तसूभर कमी झाली नव्हती. उलट आता ती उघड्यावर आली होती, तिला लपवायला जागा उरली नव्हती.

सुवर्णाताईंनी डोळे उघडले आणि पुन्हा मास्क खाली ओढला.

"मी काय तुला खाणार होते का गं? एवढी भीती वाटते माझी?"

वीणा पुढे वाकली.

"वाटते. आत्तासुद्धा वाटतेय. तो मास्क आधी नाकावर घ्या बघू."